देवीच्या वाटेवरचा दुभाषी

आमच्या घरात भक्ती सगळी आईच्या वाट्याला आली आणि शंका तेवढ्या माझ्या. त्यामुळे हा अनुभव खरं तर तिने सांगायचा. पण तिला लिहिता येत नसे, म्हणून मी लिहितो आहे. चुकलंमाकलं तर ते माझं समजावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत. मी एका कचेरीत कारकून. आईला काचबिंदू, एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "दिवाळीपर्यंत त्यांना जे पाहायचं ते पाहून घेऊ द्या." आईचे कान मात्र शाबूत होते. जिना उतरताना ती म्हणाली, "मग मला देवीला ने."

आमची कुलदेवी गोव्यात, फोंड्याकडे. आणि गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, म्हणजे परदेश. बंद असलेली सरहद्द नुकतीच परवान्यापुरती किलकिली झाली होती. परवान्याच्या अर्जात एक रकाना होता: पूर्वी शिक्षा झाली आहे काय? झाली होती. चौदा दिवसांची कैद.

त्या कैदेची हकिगत मी तोवर कुणालाच खरी सांगितली नव्हती. जमावबंदीच्या दिवशी मी गेलो होतो मासळीबाजारात. हातात पिशवी, पिशवीत दोन पापलेटं. परतताना कोपऱ्यावर सत्याग्रहींची तुकडी आणि पोलीस समोरासमोर आले, आणि मी नेमका मधे. गाडीत सगळे घोषणा देत होते; एकट्याने गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून मीही दिल्या. कोर्टात साहेब म्हणाले, माफी मागाल तर सोडतो. माझ्याआधी बारा जणांनी ताठ मानेनं "नाही" म्हटलं. तेराव्याने वेगळं बोलायला जी हिंमत लागते, ती माझ्याकडे नव्हती. सुटून आलो तेव्हा चाळीने हार घातला, आईने दृष्ट काढली. त्यानंतर पापलेटांचा विषय काढणार कसा? पुढे तर मी भाषणंही ठोकली.

परवाना मिळाला, पण सोबत पोलिसांचा इंग्रजी कागद जोडून आला: सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल शिक्षा. आमच्याकडे हा मान होता. सरहद्दीपलीकडे याच्याइतका वाईट शब्द नव्हता, कारण गोवा सोडवायला इकडून जाणाऱ्यांनाही सत्याग्रहीच म्हणत. मित्र म्हणाला, "अरे, जाऊ नकोस. आत टाकतील, नाहीतर दारातून परत पाठवतील." मी आईला तसं सांगितलं. ती देवीसाठी घेतलेल्या खणाची घडी घालत होती. म्हणाली, "बोलावणारी ती आहे. दार उघडायचं काम तिचं. तू फक्त चाल."

बोटीने वेंगुर्ला, पुढे मोटारीने सरहद्द. आपली चौकी ओलांडली की मधली वाट पायी. आई माझा दंड धरून निवांत चालत होती आणि मी दर पावलाला मागे वळून पाहत होतो. कोण कुणाला नेत होतं, देव जाणे.

पोर्तुगीज अधिकारी गोरा, घामाघूम झालेला. त्याच्याशेजारी साठीचा गोवेकर दुभाषी, गळ्यात क्रूस. साहेबाचं बोट कागदावरून सरकत आलं आणि त्या शब्दावर थांबलं. "सत्याग्रह?" एवढंच म्हणाला, पण पहाऱ्यावरचा शिपाई सरसावून उभा राहिला. आईने शब्द ओळखला आणि अभिमानानं म्हणाली, "होय तर! माझाच मुलगा तो!"

संपलं, असं मला वाटलं. त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता नुसतं "देवी" म्हटलं.

दुभाष्याने आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या खणानारळाकडे पाहिलं, आणि साहेबाला पोर्तुगीजमध्ये काहीतरी लांबलचक सांगायला लागला. हातवारे करून त्याने पिशवी दाखवली, धावणारा माणूस दाखवला. साहेब आधी भुवया चढवून ऐकत होता, मग पोट धरून हसला. कागदावर शिक्का बसला.

आमची वळकटी उचलून देताना दुभाषी कोकणीत म्हणाला, "भियूं नाका, माय. हांवें सांगलें, हो नुस्तें हाडूंक गेल्लो, गर्देंत सांपडलो." घाबरू नका, म्हणाला, हा मासळी आणायला गेला आणि गर्दीत सापडला, असं मी सांगितलं.

अंगावर काटा आला माझ्या. हे त्याला कुणी सांगितलं? माहेरी कोकणीच बोलत आलेल्या आईला सगळं कळलं, आणि ती जागच्या जागी वळली.

"थांब. त्या गोऱ्याला खरं सांगते. माझ्या मुलाला मासळीवाला करतो काय!"

"आई, चल ना."

"चल काय? देवीच्या दारात खोटं बोलून जायचं? सोड माझा हात."

ती खरंच चौकीकडे चालायला लागली. दहा पावलं गेली असती तर सगळं संपलं असतं. देवीचं दर्शन आणि माझं हुतात्मेपण, दोन्हींतलं एकच पदरात राहणार होतं.

"आई," मी म्हणालो, "तो खोटं बोलला नाही. मी मासळीच आणायला गेलो होतो."

ती थांबली. उरलेला एक डोळा माझ्या तोंडाजवळ आणून तिने मला न्याहाळलं. आता रडते की थोबाडीत देते, मला कळेना.

"पापलेटं?"

"दोन."

"मग ती गेली कुठे?"

"हवालदाराने नेली असतील."

"मेल्याला पचली नसतील," ती म्हणाली आणि माझा दंड धरून देवीच्या दिशेने चालू लागली.

गाभाऱ्यासमोर आई तासभर उभी होती. देवीची नथ, मळवट, पैठणीचे काठ, सगळं पुटपुटत पाठ करत होती. मी दर वेळी देवापुढे आपल्या चांगुलपणाची यादी घेऊन उभा राहायचो आणि मग मागायचो. त्या दिवशी यादीच उरली नव्हती. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय मागितलंस?"

"काही सुचलंच नाही."

"बरं झालं. तिलाच सुचू दे."

दिवाळीआधी तिची नजर गेली. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. देवी पाठ आहे, म्हणायची. गोव्याच्या माणसाला मासळीखेरीज अटकेचं दुसरं कारण सुचणार तरी कुठून, असंही मी स्वतःला समजावून पाहिलं आहे. असेल तसंही. मी वाद घालत नाही. मात्र सणावारी नैवेद्य दाखवताना आई घरच्यांनंतर त्या दुभाष्याचं भलं मागायची, आणि ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. मी नुसता हात जोडतो. कुणासाठी, ते देवीला कळतं.