नाहीबुवांनी न बसवलेला हूक

पडदा वर जातो तेव्हा समोर एक पत्र्याची शेड आहे. डावीकडे वेल्डिंगचं यंत्र, उजवीकडे भिंतभर नट-बोल्ट आवळायचे पाने, सगळे आपापल्या खिळ्याला टांगलेले. फक्त दहा नंबरचा नाही. तो जगातल्या कुठल्याच शेडमध्ये जागेवर नसतो. मध्यभागी जॅकवर उचललेली एक जुनी व्हॅन आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. दोन पायांत दोन रंगांचे मोजे. हे आपले नायक.

त्यांचं काम गाडीच्या मागे हूक बसवण्याचं. म्हणजे ट्रेलर जोडायचा तो लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाचा लिंबाएवढा गोळा. वय चौसष्ट, त्यातली चाळीस वर्षं याच कामात गेलेली. गल्ली त्यांना नाहीबुवा म्हणायची, कारण गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्यांचा नन्नाचा पाढा सुरू होई. "नाही," ते म्हणत, आणि त्याच दमात विचारत, "कधी हवंय?" जुन्या लोकांना ठाऊक होतं की यांचं ‘नाही’ म्हणजे इतरांचं ‘या, बसा’. खरा नकार वेगळा असे. तेव्हा ते काहीच बोलत नसत. फडक्याला हात पुसत राहत. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहत.

त्या सकाळी त्यांची थोरली बहीण आली, ती लाल रंगाच्या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमधून. गाडी इतकी बुटकी की शेडच्या उंबऱ्यावर तिचं पोट खरवडलं. ताई एकोणसत्तर वर्षांची. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मधमाश्या पाळायला घेतल्या. जुन्या पिकअपच्या तळातून रस्ता दिसायला लागला, तेव्हा ती दुसरी पिकअप घेईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने ही घेतली. कुणी कारण विचारलं तर सांगे, पस्तीस वर्षं उभी राहिले, आता जरा आडवी होऊन जाईन.

तिचं मागणं सरळ होतं. डोंगरावरच्या फळबागा आठ दिवसांत फुलणार होत्या. फुलोरा दोन आठवड्यांचा. मागच्या वर्षी तो चुकला, माश्या उपाशी राहिल्या आणि बारा पेट्यांच्या आठ झाल्या. यंदा चुकला तर किती उरतील हे तिने काढलेलं होतं, सांगत मात्र नव्हती. मालवाहू गाडीवाल्यांना फोन करून झाले होते. पेट्यांत काय आहे हे ऐकलं की ते फोन ठेवत.

"ट्रेलर माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "हूक तुझा."

नाहीबुवा व्हॅनखालून बाहेर आले. गाडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि फडकं उचललं.

"पुसू नकोस," ताई म्हणाली. "बोल."

त्यांनी गाडीची कागदपत्रं मागून घेतली आणि एका रकान्यावर काळं बोट ठेवलं. गाडीला मागे किती वजन ओढता येईल, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे नुसती रेघ होती. ताईने चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला, की रेघ म्हणजे शून्य नव्हे. रेघ म्हणजे उत्तर लिहायचं राहून गेलंय. वाद मिटावा म्हणून नाहीबुवांनी वाहन तपासणीच्या कचेरीत फोन लावला. तिथले साहेब म्हणाले की आकडा नाही तर ओढणं नाही. असा हूक तपासणीत नापास होईल, अपघात झाला तर विमावाले हात झटकतील आणि रस्त्यात सापडलात तर गाडी आणि ट्रेलर दोन्ही तिथेच उभे राहतील. मग माश्यांचं काय, असं यांनी विचारलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि माश्यांबद्दल नियमात काही नाही असं सांगितलं.

नाहीबुवांनी हा नियम एकदाच मोडला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, एका मित्राच्या गाडीसाठी. त्या मित्राचा ट्रेलर उतारावर सुटला, एकटाच वळण घेऊन समोरच्या सलूनमध्ये शिरला आणि रिकाम्या खुर्चीपाशी नंबर लावल्यासारखा उभा राहिला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सलूनवाला तेव्हापासून रस्त्याकडे तोंड करूनच दाढी करतो, आणि नाहीबुवांनी कानाला खडा लावला तो लावलाच. आकडा नसलेल्या गाडीला हूक नाही. आणि हूक कुठलाही असो, पहिल्या फेरीनंतर गोळ्यावर अडकवलेली ट्रेलरची कडी स्वतःच्या हाताने हलवून बघायची. ते काम त्यांनी पुन्हा कुणावर सोपवलं नाही.

"ठीक आहे," ताईने कागद घडी करून पर्समध्ये टाकले. "कोपऱ्यावरचा लावून देईल."

कोपऱ्यावरचा वेल्डर कशालाही काहीही जोडून देई. एकदा त्याने गिऱ्हाइकाचं फाटक स्वतःच्याच जिन्याला जोडलं होतं. ताई त्याच्याकडे जाणार, यात नाहीबुवांना तिळमात्र शंका नव्हती. ती लहानपणापासून बोललेलं करून दाखवत आली होती. आणि तो जे जोडेल ते डोंगराच्या तिसऱ्या वळणाला सुटेल, यातही नव्हती.

त्यांनी व्हॅन खाली घेतली, लाल गाडी जॅकवर चढवली, गाडीखाली शिरायची चाकांची फळी पायाने ताईकडे सरकवली आणि म्हणाले, "झोप."

ही त्यांची जुनी रीत. बोल्ट कुठे बसणार ती जागा गिऱ्हाइकाने स्वतः पाहायची. सत्तरीला आलेली बहीण म्हणून सवलत मिळाली नाही. ताई पदर खोचून आडवी झाली आणि आत सरकली, शेजारून नाहीबुवाही सरकले. आता गाडीखालून चार पाय बाहेर दिसत होते.

नाहीबुवांनी बॅटरी धरली आणि तिला बोटाने वाजवून बघायला सांगितलं. तिने वाजवलं. बिस्किटाच्या डब्याचा आवाज आला.

"हा पत्रा चेपण्यासाठीच घातलाय," ते म्हणाले. "मागून कुणी धडकलं की हा चेपतो, म्हणून तू वाचतेस. इथे मी माझा दांडा लावला तर दांडा चेपणार नाही. मग काय चेपेल?"

कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे शिक्षकाला कळतं. तिने दुसरं गणित मांडलं. आठ पेट्या, चाळीस किलोची एक. दीडशे ट्रेलरचे. चारशे सत्तर. गाडी नऊशेची.

"निम्म्याच्या वर," ती म्हणाली.

"आणि उताराला ते निम्मं तुझ्या पुढे जायला बघणार."

मग अंधारातून, वर्गात कधी कुणी ऐकला नसेल अशा आवाजात ती म्हणाली, "म्हणजे यंदा तीन उरतील."

नाहीबुवा वरच्या पत्र्याकडे बघत राहिले. शेजारी जॅकवरून उतरवलेली ती जुनी व्हॅन उभी होती, त्यांची स्वतःची. तिला त्यांनीच बसवलेला हूक होता आणि कागदावर आकडा होता, साडेसातशे. ती व्हॅन त्यांनी आजवर सख्ख्या मेहुण्यालाही दिली नव्हती. म्हणजे जायचं तर त्यांनाच चालवत जावं लागणार. अडचण माश्यांची होती. ते सात वर्षांचे असताना ताईने त्यांना पोळ्याखाली गेलेला चेंडू आणायला पाठवलं होतं. सतरा डंख. मोजले तिनेच, गणित तेव्हापासूनच पक्कं.

"नाही," ते म्हणाले.

फळीचं चाक करकरलं. ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"पेट्यांची तोंडं घट्ट बंद होतात का?" त्यांनी विचारलं.

आठव्या दिवशी उजाडताच वरात निघाली. पुढे लाल गाडी, मागे काही न ओढता, आपल्या लायकीच्या अर्ध्या वेगाने. तिच्यामागे व्हॅन, व्हॅनमागे ट्रेलर. व्हॅनच्या काचा वर, आणि आत नाहीबुवा डोक्याला जाळी व हातात वेल्डिंगचे मोजे घालून. नाक्यावर पोलिसाने अडवून हुकाचा कागद मागितला, आकडा वाचला, मान डोलावली. मग त्याने ट्रेलरला कान लावला आणि कागद धावतच परत आणून दिला.

डोंगरावर बागा फुलल्या होत्या. ताईने एकेक पेटी सावकाश उतरवून घेतली, आठही तोंडं उघडली, आणि हवा गुणगुणायला लागली. नाहीबुवा खाली उतरले नाहीत. त्यांच्या काचेवर एक माशी येऊन बसली होती आणि दोघं एकमेकांकडे बघत होती. मागे ट्रेलर उभा, पहिली फेरी झालेली, आणि कडी अजून कुणी हलवून पाहिली नव्हती.

ताईने काचेवर टकटक केलं आणि बाहेर येऊन फुलं तरी बघ, म्हणाली. काच बोटभर खाली आली.

"ताई, मागे जा आणि कडी हलवून बघ," आतून नाहीबुवा म्हणाले. "किती हलते ते मला इथून ऐकू येईल असं सांग. आणि रेघ चालणार नाही, आकडा सांग."