बंद कॉम्प्युटरमधली कथा

मैत्रिणींनो, दुपारपासून मन कडू झालंय, म्हणून लिहितेय.

रविवारी यांनी घरातले दोन्ही कॉम्प्युटर जोडून दिले. "आता नेट, प्रिंटर, सगळं तुले तुझ्याच टेबलावर." माझ्या जुन्या मशीनमध्ये जागा नव्हती, म्हणून माझ्या कथाही त्यांच्याच कॉम्प्युटरवर ठेवल्या. खुशीत मी भजी तळली.

आज दिवाळी अंकाला कथा पाठवायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. बसले, तर नेट नाही, कथाही नाही. नेट यायचं तेही त्यांच्याच कॉम्प्युटरमधून, आणि तोच बंद. सुरू केला, तर पासवर्ड मागू लागला.

ड्युटीवर फोन लावला. "अहो, कॉम्प्युटर काऊन बंद केला?"

"घरी कोणी नाई ना दिवसभर."

"मी आहो ना घरी!"

"हो, पण कामाचं कोणी नाई म्हणतो मी."

"माझी कथा आहे त्यात. पासवर्ड सांगा."

"पासवर्ड का फोनवर सांगाचा असते? आल्यावर पाहू."

ते आले, चहा प्यायले, मग कॉम्प्युटर लावला. "घे, झालं चालू." तोवर मुदत संपली होती.

उद्या भद्रावतीच्या बाजारातून पेनड्राइव्ह आणणार आहे. तुमचं लिहिलेलं कुठे ठेवलंय? आणि ते उघडायला कोणाला विचारावं लागतं?