अर्धी सोडलेली पात

पात अर्धी टाकून उठणाऱ्याला आमच्याकडं माणसात धरत नाहीत. खुरपण असो नाहीतर ज्वारीची काढणी, आपल्या वाट्याच्या ओळी धरल्या की पार पलीकडच्या बांधाला जाऊनच पाठ सरळ करायची. मधेच उठलं की बायासुद्धा फिदीफिदी हसतात. मी जन्मात कधी उठलो नव्हतो.

वीस वर्षं उसाच्या तोडीला गेलो. डोक्यावर मोळी घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायचं. मणक्यात गॅप पडला तो तिथंच. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला. शेवटी नगरच्या दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर म्हणाले, "बाबा, ऑपरेशनचं काम नाही, पण दुखणं पुरतं जाईल असंही नाही. समोरच्या खोलीत मॅडम आहेत, त्यांना भेटा."

दारावरची पाटी एकेक अक्षर जुळवत वाचली. त्यात 'मन' निघालं आणि माझं डोकं फिरलं.

"मी काय येडा हाय का?" मी पोरावर खेकसलो.

"आण्णा, गुमान चला. यंदा बी काढणीत पडलात ना, तर रान वाट्यानं देनार म्हंजी देनार. आईनं किती वर्सं तुमची कंबर शेकायची?"

दोन एकर रान, दगड वेचून मी केलेलं. ते दुसऱ्यानं करायचं आणि मी बांधावरून बघायचं? मुकाट्यानं आत गेलो.

आत नातीच्या वयाची पोरगी. बसा म्हणाली. मी बसलो नाही. एक तर कंबर, त्यात राग. तर ती खुर्चीतून उठली. "मग मीही उभीच राहते," म्हणाली, आणि अर्धा तास माझ्यासमोर उभी राहिली. इतक्या दवाखान्यांची पायरी चढलो, पण माझ्यासाठी उठलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"म्हंजी माजं दुखनं खोटं हाय व्हय?" मी पहिलाच सवाल टाकला.

"दुखतंय ते खरंच दुखतंय, बाबा. त्याच्या भीतीनं आणि रागानं तुम्ही काय काय करता, तेवढं आपण बघू."

मला लिहिणं जड जातं हे तिनं न विचारता ओळखलं. म्हणाली, कॅलेंडरवर काम केलेल्या दिवशी उभी रेघ मारा, पडून काढलेल्या दिवशी आडवी. महिन्यानं ते कॅलेंडर घेऊन गेलो. तिनं नुसतं माझ्याकडं फिरवलं. एक उभी, पुढं चार आडव्या. परत एक उभी, परत चार आडव्या. मी चौथी नापास, पण एवढं मलाही वाचता आलं. जरा बरं वाटलं की मी तुंबलेलं सगळं काम एका दिवसात ओढायचो, आणि मग अंथरूण धरायचो.

"दुखायच्या आधीच थांबायचं," ती म्हणाली. "कळ आली तर तिला शिव्या द्यायच्या नाहीत. हळू श्वास सोडत बसायचं."

"पात अर्धी टाकून?"

पात म्हणजे काय ते तिनं नीट विचारून घेतलं, वहीत लिहिलं. मग म्हणाली, "तुमच्या रानात बांध कोण घालतं, बाबा?"

"मीच की."

"मग झालं तर."

एसटीत बसून घरापर्यंत तेच डोक्यात घोळलं. काढणीच्या पहिल्या दिवशी एक बसायजोगा दगड पायानं लोटत निम्म्या पातीत नेला. तिथवर ज्वारी उपटायची आणि दगडावर बसायचं. दम खाल्ला की तोच दगड पायानं पुढं लोटायचा. दिवसाचे असे दगड चार, चौथ्यावर बसलो की त्या दिवसाचं काम बंद.

शेजारच्या रानातला भावकीतला गडी ओरडला, "काय म्हातारबा, बांध मधीच उगावला का?"

"माजं रान हाय. मी कुटंबी घालीन बांध!"

त्याची काढणी आठवड्यात उरकली. माझी सतरा दिवस चालली. थोडी पाखरांनीही खाल्ली. शेवटच्या दिवशी चौथ्या दगडावर आलो तेव्हा चार हात ज्वारी उभी होती. पोरगा बघायला आलेला. "आण्णा, एवढंच तर हाय. टाका उरकून." हात शिवशिवत होते. जन्माची सवय ओढत होती. दात आवळून बसून राहिलो. पोरगा दगडाच्या कडेला टेकला. "ऱ्हाऊ द्या. सकाळी येऊ."

सकाळी ते चार हात उपटले. वाट्याची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

कंबर आजही दुखते. त्या महिन्याच्या कॅलेंडरवर मात्र आडव्या रेघा दोनच निघाल्या. ते दाखवायला नगरला गेलो. खोलीत शिरताच ती उठायला लागली. मी आधी खुर्ची ओढली आणि बसलो, म्हणजे तिलाही बसता यावं.