मजल्यागणिक इतिहास

भर बाजारातल्या त्या चार मजली विटांच्या इमारतीची लिफ्ट एकतीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. सगळे त्याला मामा म्हणत, वयाने मोठे असलेले वकीलसाहेबसुद्धा. लिफ्ट इतकी सावकाश चढे की घाईचा माणूस जिन्यानेच जाई. उरलेल्यांचा वेळ जावा म्हणून मामा त्यांना इमारतीचा इतिहास सांगत.

थापा मारण्यातही मामांची शिस्त होती. दुसऱ्या मजल्याच्या माणसाला छोटी गोष्ट: इथे पूर्वी पेढी होती, तिजोरी अजून भिंतीत आहे. तिसऱ्याला जरा लांबलचक, अत्तराचा कारखाना. चौथ्यासाठी अख्खं नाटकगृह, आग आणि पळून गेलेली नटी. मजला आला की गोष्ट संपलीच पाहिजे. अर्धवट सोडणं मामांच्या जिवावर येई. सगळ्या मजल्यांना कुणी एकाच दिवशी विचारत सुटेल, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मालकाने ही इमारत पाडून काचेची उभारायचं काढलं. जुन्या वास्तूंच्या समितीतल्या एक बाई पाहणीला आल्या. त्यांच्या अहवालावर सगळं ठरणार होतं. इमारत गेली की मामाही घरी. बाई मजल्यामजल्यावर चौकशी करून पेढी, अत्तर आणि नाटकगृह असं त्रांगडं घेऊन खाली आल्या.

"हे सगळं तुम्हीच सांगितलंत म्हणे. यातलं खरं काय?"

चौथी थाप मामांच्या अगदी जिभेवर आली होती. त्यांनी ती गिळली.

"काहीच नाही, बाई. लोक कंटाळायचे, म्हणून ठोकून देत होतो."

बाईंनी वही मिटली. आपल्याच तोंडाने आपण इमारत घालवली, असं वाटून मामांना रडू यायचंच बाकी होतं.

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे की. पण ते साधंच."

"साधंच सांगा. चला वर."

दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी अर्धी विटांनी बुजवली होती. धूळ नको म्हणून घड्याळजीने. तिसऱ्यावरच्या फरशीत चार भोकं, छापखान्याच्या यंत्राची. ते उतरवायला अकरा माणसं लागली होती. चौथ्यावर टायपिंगचा क्लास होता, त्याने खाली तिसऱ्यावरच्या शिंप्याचं छत इतकं हादरे की त्याच्या सुया खाली पडत. बाई प्रत्येक मजल्यावर उतरून भोकं मोजत, विटा चाचपून पाहत. पण एवढा मजकूर एका फेरीत मावेना. लिफ्ट पाच वेळा वरखाली झाली आणि खाली रांगेतली माणसं ओरडू लागली, "मामा, झोपलात की काय?"

महिन्याने अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की इथे धंदा एक दिवसही थांबलेला नाही, घड्याळजीच्या खिडकीपासून टायपिंगच्या क्लासपर्यंत सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत, इमारत पाडू नये. खाली ओळ होती: माहिती, लिफ्टचालक.

मामांनी घरी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. कौतुकाच्या अपेक्षेने मान वर केली, तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, एवढं सगळं बघत होतात, आणि मला मात्र एकतीस वर्षं ती नटीच सांगितलीत?" ती म्हणाली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "आता घड्याळजीपासून सांगा. आणि मजला आला म्हणून थांबायचं नाही."