‘नाही’ म्हणायला बंदी

गुहागरहून निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "तिकडे वाद घालू नकोस गं. टिक घेऊन ये." टिक म्हणजे बुकिंगच्या ॲपवर आमच्या तीन खोल्यांच्या घरगुती निवासापुढे उमटणारी हिरवी खूण. ती नसली की नाव तळाला जातं. मागची दिवाळी आमच्या खोल्या रिकाम्याच होत्या. टिक हवी तर अंधेरीच्या एका हॉटेलात दोन दिवस पाहुणचार शिकायचा. लग्न झाल्यापासून पाहुण्यांना वाढते आहे, पण म्हटलं, शिकू.

एसी बसने घसा धरला. सकाळी हायवेवर उतरले तेव्हा आवाज पार बसलेला. "मॅडम, जरा जोरात बोला ना," रिक्षावाला वैतागला. मी आधीच वैतागले होते.

हॉटेलात एकाने हात जोडले, एकीने टिळा लावला, दुसरीने निळं गार सरबत पुढे केलं. मी घशावर हात ठेवून म्हटलं, "हे नको गं, गरम पाणी दे."

"शुअर मॅम, दोन मिनिटांत."

खोली लवकर मिळेल का विचारलं, तर "नक्की ट्राय करते मॅम." दुपारपर्यंत मी सोफ्यावर बसून होते. पाण्याची आठवण तिघांना केली. तिघेही गोड हसले. एक जण जरी नाही म्हणाला असता, तर समोरच्या टपरीवर जाऊन चहा तरी प्याले असते.

दुपारी वर्ग सुरू झाला. शिकवणारा टायवाला मुलगा, त्याला आम्ही सर म्हणायचं. त्याने पडद्यावर पहिलाच नियम दाखवला: पाहुण्याला कधीही ‘नाही’ म्हणू नका. माझं पाणी कुठे अडकलं ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. खोली झाडायला आलेल्या सुनंदाला गरम पाणी मागितलं. ही मूळची मालवणची, राहायला वाकोल्यात. ती सरळ म्हणाली, "आता गावाचा नाय (मिळणार नाही), ताई. खाली सगळे नाश्त्यात गुंतलेत. ह्या माझ्या थर्मासातला घे." तिच्या डब्यासोबतचं ते पाणी मी अर्धं संपवलं. त्या हॉटेलात मला बरं वाटलं ते तेवढंच.

परीक्षेत सर पाहुणा झाले. "ताई, लांबून आलोय. आज सुरमई मिळेल ना?" समुद्र खवळलाय, होड्या गेल्या नाहीत, असं परीक्षेच्या प्रसंगात आधीच सांगितलेलं होतं.

"नाही मिळणार," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "बर्फातली शिळी तुम्हाला घालणार नाही. कुळथाची पिठी आणि गरम भात करते. तोवर हातपाय धुवून घ्या, दमला असाल."

त्यांनी कागदावर फुली मारली. "नक्की प्रयत्न करते सर, असं म्हणायचं होतं, ताई."

"आणि मासळी कुठून आणायची? तुमच्या हॉटेलाने मला एकदाही नाही म्हटलं नाही, आणि पाणीही दिलं नाही." बाकीचे हसले. टिक गेली. सीझन तोंडावर आलेला, नवऱ्याला काय सांगू, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही रागच आला.

परतीच्या बससाठी हायवेवर उभी होते. मागून तोच मुलगा आला, टाय खिशात कोंबलेला.

"ताई, मे महिन्यात आईला समुद्र दाखवायचाय. तिला बाहेरचं सोसत नाही. तुमच्याकडे जमेल का? ॲपवरून नको, थेट बोलू."

"मग मला फुली का मारलीस?"

"शीटवर तुमच्या उत्तराला मार्कच नाहीत ना, ताई."

असा संताप आला, की त्या शीटचा बोळा करून त्याच्या हातात द्यावा. एवढे टिळे, एवढे हात जोडणं, आणि आईला ठेवायची वेळ आली की ह्यातलं कोणी नको.

बस समोर येऊन थांबली.

"काय काय सोसत नाही आईला, ते पटकन सांग," मी म्हटलं आणि माझा नंबर दिला.