सुक्या बोंबलाचा पेपर

रोज अकराच्या चहाला मी तिचा आकडा बघायचे. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी आणि टेबलाच्या पलीकडची तिची. ती मान खाली घालून मुलांची जर्नलं तपासत असायची. मी मोबाइल जरासा छातीकडे वळवून तिच्याच नावाचं पान उघडायचे. एका वेबसाइटवर संशोधकांचे पेपर असतात आणि त्या पेपरांचा जगात किती जणांनी आधार घेतला, किती सायटेशन मिळाली, ते मोजून दाखवलेलं असतं. आकडा कालच्यापेक्षा वाढलेला दिसला की माझा चहा तिथेच संपायचा. वाढला नसला तर इतकं बरं वाटायचं की मी माझ्या पुड्यातलं बिस्कीट तिच्यापुढे करायचे. ती आपली निमूटपणे घ्यायची.

आपण सारखं बघतो म्हणून तर हा आकडा वाढत नसेल ना, अशीही शंका एकदा मला आली होती. रसायनशास्त्रात पीएचडी केलेली बाई मी! दोन दिवस बघायचं बंद केलं. तरी वाढला.

आम्ही दोघी पनवेलच्या या कॉलेजात एकाच जूनमध्ये लागलो. माझं माहेर पुण्याचं, वडील बँकेत, आणि लग्न होऊन आले ती नवीन पनवेलला. ती करंज्याची, कोळीवाड्यातली. घरची होडी आणि आईचा सुक्या मासळीचा धंदा. घराण्यातली पहिली एमएस्सी. आमच्याशी शुद्ध बोलायची, पण आईचा फोन आला की व्हरांड्यात जाऊन तिचं ‘नाय गो आये, जेवलंय मी’ सुरू व्हायचं आणि मी कान देऊन ऐकायचे.

संशोधन मीही करत होते. माझं काम नवी संयुगं बनवण्याचं. एकेकाचं नाव दीड ओळीचं. पेपर अकरा, सगळे नीटनेटके, सगळे छापून आलेले. त्यांची सायटेशन मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढी, आणि त्यातली निम्मी माझी मीच केलेली. पुढच्या पेपरात मागच्याचा उल्लेख करायचा, सगळेच करतात.

तिचा पेपर सुक्या बोंबलावर होता. बोंबील वाळूवर वाळवला, जेट्टीच्या सिमेंटवर वाळवला आणि काठ्यांना दोऱ्या बांधून त्यावर टांगून वाळवला, तर कुठला किती दिवस चांगला राहतो, आणि हे एखाद्या साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये कमी खर्चात कसं तपासायचं. मासा खराब होऊ लागला की त्यात वास मारणारी अमाइन तयार होतात. त्यांच्यावर एक रसायन टाकलं की पिवळा रंग येतो. रंग जेवढा गडद तेवढा मासा बिघडलेला. रंग किती गडद ते मशीन सांगतं, आणि ते मशीन माझ्या ताब्यात होतं. किल्ली माझ्या पर्सला. त्यामुळे तिला माझ्याकडे यावंच लागलं.

“आठवडाभर रीडिंग घेऊन देशील?” तिने विचारलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

नमुने आणायला मी एकदा तिच्याबरोबर करंज्यालाही गेले होते. तिच्या आईने माझ्याकडे एक नजर टाकली आणि लेकीला सांगितलं, “हिला वास सोसत नाय. हिला भायेर बसव गो.” मला पाट दिला, चहा दिला, आणि मी अंगणात नाक दाबून बसले. खरं तर त्या म्हातारीने बरोबर ओळखलं होतं. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही.

लॅबमध्ये तर भायेर बसायची सोय नव्हती. डबे उघडले की जिना चढून वर येणारे लोक अर्ध्यातून परत फिरायचे. शेजारच्या फिजिक्सवाल्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. ओढणी तोंडाला गुंडाळून मी मशीनसमोर उभी राहायचे. आता यात एक गोष्ट अशी, की रोज सुरुवातीला ‘ब्लँक’ लावावा लागतो. म्हणजे मासा सोडून बाकी सगळं घातलेली एक नळी. तिचं रीडिंग शून्य धरायचं आणि मग पुढच्या नळ्या मोजायच्या. हे आम्ही बीएस्सीच्या मुलांना पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवतो. ब्लँक नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी मी ब्लँक लावलाच नाही, आदल्या दिवसाचाच धरला. चौथ्या दिवशीही तसंच केलं. पाचव्या दिवशी तर श्वास रोखून आकडे वहीत उतरवले आणि बाहेर पळाले.

तिला मी काही सांगितलं नाही. बोंबलाचं काय ते, एवढं कोण बघणार, असं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फराळाचे डबे उघडलेले असताना ती म्हणाली, “पेपर लिहून झाला. दुसरं नाव तुझं टाकते, चालेल ना?”

मी हसलेच. “माझं नाव? बोंबलावर? अगं, सासरी कळलं तर पंगतीबाहेर बसवतील मला. आभारात टाक हवं तर.”

ती “बरं” म्हणाली आणि तिने चकली घेतली. पेपर छापून आला तेव्हा शेवटी बारीक अक्षरात माझे आभार मानलेली एक ओळ होती. आभारांची सायटेशन कुणी मोजत नाही.

दोनेक वर्षं त्या पेपराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि मी सुखी होते. मग सुरू झालं. ज्या ज्या देशाला किनारा आहे आणि तिथे मासे उन्हात घालणाऱ्या बायका आहेत, तिथून तिथून त्या पेपराचा उल्लेख यायला लागला. महागडं यंत्र नसलेल्या लॅबना ती पद्धत परवडत होती. आकडा दोन अंकी झाला, तीन अंकी झाला. तिला व्याख्यानांना बोलावणी आली, वर्तमानपत्रात फोटो आला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं पहिलं अभिनंदन कायम माझं असायचं, फुलांच्या चित्रासकट. कुणाला संशय यायला नको. ते टाइप करताना माझ्या पोटात जे काही व्हायचं त्याला जळणं हाच शब्द आहे. दुसरा शोधायचा प्रयत्न मी करून पाहिला.

“अर्धा पेपर माझा आहे,” असं मी घरी सांगायचे. “रीडिंग कुणी घेतली? मशीन कुणाचं?” नवरा एकदाच म्हणाला, “मग नाव का नाही?” त्यावर मी त्याला पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून इतकं बोलले की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. अर्धा पेपर माझा, आणि माझी अर्धी रीडिंग खोटी. ही दोन्ही वाक्यं मी पंधरा वर्षं एकाच डोक्यात सांभाळली. एकमेकांना भेटू दिली नाहीत.

गेल्या वर्षी आमचे विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते. त्या जागेला आम्ही दोघीच होतो. नोकरी दोघींची सारखी, मग बघणार ते संशोधन. मुलाखत पंधरा दिवसांवर आली असताना एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, “एक मेल आलाय. कुठल्यातरी किनाऱ्यावरचा संशोधक आहे. म्हणतो, तुमच्या तक्त्यातले आकडे आमच्याशी जुळत नाहीत, मूळ नोंदी पाठवा. त्या बोंबलाच्या पेपरबद्दल गं. जुनी वही शोधायला हवी. स्टोअररूमची किल्ली तुझ्याकडेच ना?”

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी आनंद झाला. पेपर मागे घ्यावा लागेल, आकडा पुसला जाईल, खुर्ची मला मिळेल. हे सगळं तिचा कप खाली टेकायच्या आत माझ्या मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं. चूक माझी होती आणि बुडणार ती होती. माझं नाव नुसतं आभारात, आणि आभारातल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही.

“मी शोधते,” मी म्हणाले. “तुला तास आहे ना आता.”

स्टोअररूममध्ये फुटक्या ब्युरेटांच्या खोक्यामागे ती वही होती, लाल पुठ्ठ्याची. अजून वास येत होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. वही सापडली नाही असं सांगणं अगदी सोपं होतं. मूळ नोंदी नाहीत म्हटल्यावर ती कुणाला काय उत्तर देणार? मी स्टुलावर बसले आणि वही उघडली.

माझ्या अक्षरातली पानं आली. पाचही दिवसांची. प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची एक रेघ मारलेली होती. पुढच्या पानापासून तिचं अक्षर सुरू होत होतं. फ्रीजरमध्ये राखून ठेवलेले रोजचे तेच नमुने, तेच क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक पानाच्या वर पहिली नोंद ब्लँकची, आणि खाली रेघ मारून सही. तारीख नवरात्रातल्या रविवारची होती. तो दिवस माझ्या लक्षात होता. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मशीनची किल्ली मी तिच्याकडे देऊन गेले होते.

वही घेऊन मी लॅबमध्ये गेले. मुलं निघून गेली होती आणि ती बेसिनशी हात धूत होती.

“तू हे सगळं परत केलंस?”

तिने वहीकडे बघितलं. “हो. तुझ्या रीडिंगला ब्लँक नव्हता ना. तुला वास सोसत नव्हता, मला दिसत होतं. परत कशाला तुला त्रास द्यायचा?”

“म्हणजे पेपरात माझं एकही रीडिंग नाही.”

“नाही,” ती म्हणाली आणि पदराला हात पुसले.

“मग त्या मेलचं काय? आकडे का जुळत नाहीत?”

“ते मीठ लावून वाळवतात, आपण बोंबलाला मीठ लावत नाही. पेपरात पहिल्याच पानावर लिहिलंय मी. लोक वाचत नाहीत, नुसते आकडे बघतात.”

मीसुद्धा तो पेपर कधी वाचला नव्हता. शेवटची ओळ तेवढी वाचली होती.

साखरपुडा नवरात्रात झाला आणि फराळाचे डबे दिवाळीनंतर उघडले, हा हिशोब मला तिथे उभ्या उभ्या लागला. “तू मला नाव टाकू का म्हणून विचारलंस,” मी म्हणाले, “ते हे सगळं करून झाल्यावर विचारलंस.”

“त्या आठवड्यात लॅबमध्ये माझ्याबरोबर उभं कोण होतं? तूच ना. बाकी कुणी दारात यायला तयार नव्हतं.” तिने लॅपटॉप उघडला. “चल, आकडे वाच तू, मी टाइप करते.”

मी तिच्या अक्षरातले आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. तिने ते लिहून घेतले. शेवटी म्हणाली, “वही तू शोधलीस. तुझे आभार लिहू?” चिडवत नव्हती ती. तेच तर माझ्याच्याने सहन होईना. मी नको म्हटलं. ती “बरं” म्हणाली, तेव्हा म्हणाली होती तसंच.

विभागप्रमुख तीच झाली. पहिलं अभिनंदन माझंच होतं.

अकराच्या चहाला मी अजूनही तिचं पान उघडते. आकडा वाढलेला असतो, आणि अजूनही पोटात जळतं. परवा घरी नवऱ्याला सांगितलं, तिच्या त्या पेपराचा अजून कुठेतरी उल्लेख झालाय. तो सवयीने म्हणाला, “हो, अर्धा तुझाच ना.” मी ओला टॉवेल उचलून दोरीवर टाकला आणि म्हणाले, नाही.