रेतीतली वाम

आमच्या भाटव्यानं जल्मात एकदाच खोटं सांगतलं, अन् गावानं तेवढंच खरं मानलं.

भाटवा म्हनजे माझ्या मोठ्या बहिनीचा नवरा, बोदलकशाच्या तलावावर मासे धरनारा मानूस. एका साली तलाव आटला तं कोकनात बोटीवर कामाले गेला, अन् तिथून दर्यातली वाम डोक्यात घालून आला. सापावानी लांब मासा, म्हने रेतीत शेपटीकडून घुसते अन् तोंड तेवढं बाहेर ठेवून बसते. मंग काय, थंडीत गोधडीतून नाक बाहेर काढून म्हने, "वाम अशी." लग्नाच्या पंगतीत वाढप्याले थांबवून भातात शेवग्याची शेंग खुपसून दाखवे. लोक म्हनत, लबाड आहे. माझा मालक मेला तवा सारे रडले, हा बाजूले बसून म्हने, "बाई, लाट आली का आंग आत घ्याचं, तोंड बाहेर ठेवाचं. लाट निंगून जाते." मी तसंच केलं. धानाच्या रोवन्याले गेली, बिड्या बांधल्या, दोन पोरी उजवल्या.

मागच्या साली हा पुन्हा गेला अन् पान्याच्या मोठ्या कॅनीत जिती वाम घेऊन गोंदियाले उतरला. साऱ्या गावाले खरं करून दाखवाचं होतं. बहिनीनं तो साप घरात घेऊ देला नाई, म्हनून माझ्या पडवीत टपात रेती टाकून सोडली. माह्यासमोर शेपटीकडून घुसली. भाटवा हासत गाव बोलवाले गेला.

आमच्यात दारात आलेल्याले आदी पानी देतेत. ही बिचारी दोन दिवस वास मारत्या पान्यात बसून आलेली. मी ते फेकलं, विहिरीचं थंडगार भरलं. तिले खारंच पानी लागते, मले काय ठाऊक.

लोक आले तं वाम दोरीवानी वर तरंगून राहिली होती. भाटव्यानं बोट बुडवून चाखलं. माह्याकडं पायलं. मी पदर तोंडात धरला.

"काऊन भाऊ, वावराच्या धुऱ्यावरचा साप मारून आनला का?" कोनीतरी म्हनलं.

"रेल्वेतच मेली होती," भाटवा म्हने. "उगाच बोलावलं तुमाले."

बहिनीलेबी त्यानं कधी सांगतलं नाई.

आता तो वामीचं नाव काढत नाई, मीच सांगतो. शेपटीकडून घुसते, मी पायली. पानी मीच बदललं, हेबी सांगतो. लोक हासतेत, म्हनतेत, भाटव्याची साली, लबाडच असन. तो बाजेवर गोधडीतून नाक तेवढं बाहेर काढून आयकत राह्यते.